जठराची भिंत जाड निघाली, मग स्लीव्ह करावी की नाही?

प्रश्न : माझे वय 41, उंची 156 सेंटिमीटर आणि वजन 104 किलो आहे. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. दीड वर्षापूर्वी जठरात बलून बसवून घेतला. तो सहा महिने होता, त्यात अकरा किलो वजन उतरले आणि बलून काढल्यानंतरच्या वर्षभरात सगळे परत आले. गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या अधूनमधून घेते, आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी अनशापोटी. सर्जननी स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग कापून काढून उरलेल्या जठराची अरुंद नळी करण्याची) सुचवली आहे. तयारीच्या तपासण्यांत सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘जठराच्या अँट्रमची भिंत जाड, 7 मिलिमीटर, एन्डोस्कोपी करून खात्री करावी’ असे आले. सासूबाईंच्या मनात नको ते आले आहे. जाऊबाई म्हणतात, पोटावर चरबी इतकी आहे की भिंत जाड असणारच, आणि अशा भिंतीत कापलेले जठर बंद करायच्या पिना धरत नाहीत, लीक होते. भिंत जाड असल्यामुळेच मला इतकी भूक लागते का? शस्त्रक्रिया होऊ शकेल का? की स्लीव्हऐवजी बायपास करून घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवरच्या त्या ओळीतला जो शेवटचा भाग आहे, ‘एन्डोस्कोपी करून खात्री करावी’, तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि घरात नेमकी त्याचीच चर्चा झालेली दिसत नाही. 7 मिलिमीटर हा आकडा तुम्हाला शस्त्रक्रियेसाठी अपात्र ठरवत नाही. त्यावरून कर्करोगाचे निदानही होत नाही. भिंत खरोखर जाड आहे का, आणि असल्यास कशामुळे, एवढाच प्रश्न तो उभा करतो. त्याचे उत्तर मिळेपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आधी जाऊबाईंच्या म्हणण्यातला पहिला भाग बाजूला करू. बाहेरून हाताला लागते ती त्वचा, तिच्याखालची चरबी आणि पोटाचे स्नायू यांचा जठराच्या भिंतीशी संबंध नाही. शस्त्रक्रियेत दुर्बीण आणि लांब उपकरणे त्या थरांतून आत जातात, आणि पिना बसतात त्या आतल्या जठरावर. पोटावर चार बोटे चरबी असलेल्या माणसाचे जठर अगदी नेहमीसारखे असू शकते. चरबीचा परिणाम होतो तो तपासणीवर. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी जाड थरातून जाताना क्षीण होतात, चित्र धूसर येते, आणि जठरात हवा असेल तर त्यात आणखी भर पडते. शिवाय तुम्ही उपाशीपोटी गेला असणार, म्हणजे जठर मिटलेले असणार, आणि मिटलेल्या जठराची भिंत ताणलेल्या जठरापेक्षा जाड दिसते.

अँट्रम हा जठराचा शेवटचा, लहान आतड्याकडे उघडणारा भाग. अन्न दळून, घुसळून थोडे थोडे पुढे ढकलण्याचे काम त्याच्याकडे असल्यामुळे तिथला स्नायूचा थर मुळातच दणकट असतो. उलट जठराचा वरचा, डाव्या बाजूचा घुमटासारखा भाग, ज्याला फंडस म्हणतात, तो अन्न आले की सैलावून जागा करून देतो, म्हणून तिथली भिंत पातळ असते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत काढलेल्या जठरांची मोजमापे शल्यचिकित्सेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेली आहेत. त्यांत ठरावीक दाबाखाली मोजल्यावर अँट्रमजवळची जाडी सुमारे 3 मिलिमीटर, मधल्या भागाची त्याहून थोडी कमी आणि फंडसची 2 मिलिमीटरच्या आत भरली. पुरुषांची भिंत स्त्रियांपेक्षा थोडी जाड असण्याकडे कल दिसतो, मात्र वजन जास्त म्हणून भिंतही त्याच प्रमाणात जाड, असा सरळ हिशेब लागत नाही. ही मोजमापे दाबून घेतलेली आहेत आणि तुमचे 7 मिलिमीटर सैल, मिटलेल्या जठराचे आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून घाबरू नका. सोनोग्राफीत साधारणपणे 5 मिलिमीटरच्या वर ‘जाड’ लिहिण्याची पद्धत आहे. पण सीटी स्कॅनवर अँट्रमची भिंत त्याहून जाड दिसणे हे निरोगी माणसांतही वारंवार आढळते, विशेषतः जठर नीट फुगलेले नसेल तेव्हा.

म्हणजे ही बाब सोडून द्यावी का? नाही. तीन गोष्टींमुळे भिंत खरोखरच जाड झालेली असू शकते, आणि त्यांतल्या दोन तुमच्या पत्रातच आहेत.

पहिली म्हणजे बलून. पाचशे-सहाशे मिलिलिटर द्रव भरलेला गोळा सहा महिने जठरात राहिला, की जठराचा स्नायू त्याला पुढे ढकलण्याचा प्रयत्न सतत करत राहतो आणि व्यायामाने दंड भरावा तसा तो भरत जातो. बलूननंतर स्लीव्ह झालेल्या रुग्णांच्या काढलेल्या जठरात स्नायूचा थर जाड झाल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले आहे. म्हणूनच बलून काढल्याबरोबर लगेच स्लीव्ह करत नाहीत, काही आठवडे ते काही महिने थांबतात. किती, याबाबत सर्जनसर्जनमध्ये फरक आहे. तुमच्या बाबतीत वर्ष उलटले आहे, त्यामुळे हे कारण आता फारसे उरले नसावे. तरी बलूनची तारीख, त्याचा प्रकार आणि तो काढतानाचा एन्डोस्कोपीचा रिपोर्ट सर्जनना अवश्य दाखवा. असे कागद नेमके घरी कपाटात राहतात, कारण बलून एका ठिकाणी बसवलेला असतो आणि शस्त्रक्रिया दुसरीकडे ठरलेली असते.

दुसरी म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. त्यातून अस्तराला सूज येते, बारीक ओरखडे पडतात, काही वेळा व्रण होतो, आणि त्याचा पहिला मारा बहुधा अँट्रमवरच असतो.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण या देशात गृहीत धरावी लागते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आपल्याकडच्या प्रौढांत अतिशय मोठ्या प्रमाणावर आढळतो, तो अँट्रममध्येच ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षे अस्तर सुजवत ठेवतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. एन्डोस्कोपीच्या वेळी अस्तराचा तांदळाच्या कणीपेक्षाही लहान तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकतात. जिवाणू असेल तर तो युरियाचे विघटन करतो आणि जेल गुलाबी होत जाते. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती सहज फसते. रोज सकाळची ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर जिवाणूंची संख्या दबते आणि चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते. म्हणून पँटोप्रॅझोलसारखी गोळी साधारण दोन आठवडे आणि कोणतेही प्रतिजैविक चार आठवडे आधी बंद असावे लागते. तुमची गोळी बंद करायची की नाही, हे एन्डोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवा. त्या दिवसांत जळजळ वाढली तर काय घ्यायचे, हेही त्याच वेळी विचारून घ्या. जिवाणू निघाला तर बहुधा 14 दिवसांचा औषधोपचार असतो, आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने तो गेल्याची खात्री करतात. सुजलेल्या अस्तरावर पिना मारण्यापेक्षा हे दीड-दोन महिने थांबणे केव्हाही बरे.

आता सासूबाईंच्या मनातली शंका. पोटाचा कर्करोग किंवा लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) यांतही भिंत जाड होते हे खरे आहे, आणि रिपोर्टमध्ये एन्डोस्कोपीचा आग्रह त्यासाठीच असतो. एन्डोस्कोपी करणारे डॉक्टर केवळ ‘जखम आहे का’ एवढेच पाहत नाहीत. आत हवा सोडल्यावर अँट्रम मोकळेपणाने फुगते का, आकुंचनाची लाट पायलोरसपर्यंत, म्हणजे जठर लहान आतड्यात उघडते त्या दारापर्यंत, नीट पोचते का, अस्तराच्या घड्या सपाट होतात का, हे ते पाहतात. फुगणारी, हलणारी भिंत हे चांगले लक्षण आहे. हवा सोडूनही ताठ राहणारी, न फुगणारी भिंत दिसली, तर वरवरचा एक तुकडा पुरेसा ठरत नाही, कारण काही रोग अस्तराखालून पसरतात आणि वरचा तुकडा निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी जास्त आणि खोलवरचे तुकडे घेतात, किंवा टोकाला सोनोग्राफी बसवलेल्या दुर्बिणीने, म्हणजे एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंडने, भिंतीचे थर वेगवेगळे पाहून कोणता थर जाड आहे ते ठरवतात. तुमच्या बाबतीत ही पायरी लागेलच असे नाही, बहुतेकांना लागत नाही. मात्र वजन आपोआप उतरत असेल, थोड्या जेवणानेच पोट भरत असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल, सतत उलट्या होत असतील किंवा रक्त कमी झालेले असेल, तर शस्त्रक्रियेचा विषय मागे ठेवून हाच तपास आधी पूर्ण करावा. तुमच्या पत्रात यातले काहीही नाही.

भुकेबद्दल थोडक्यात सांगतो. भिंतीची जाडी म्हणजे प्रामुख्याने स्नायूची जाडी, आणि भूक काही तिथून ठरत नाही. भूक चाळवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचा मोठा हिस्सा फंडसच्या अस्तरातून येतो, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये शंका अँट्रमबद्दल आहे. स्लीव्हमध्ये फंडससह जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढला जातो, त्यामुळे भूक मंदावण्याचे एक कारण तेही असते. भिंत जाड असणाऱ्यांचे वजन शस्त्रक्रियेनंतर कमी उतरते, असेही सिद्ध झालेले नाही.

‘पिना धरत नाहीत’ या जाऊबाईंच्या वाक्यात मात्र तथ्याचा अंश आहे, आणि या विषयातला खरा कौशल्याचा भाग तोच असल्यामुळे तो जरा विस्ताराने सांगतो.

स्लीव्हमध्ये जठरात वरून एक नळी सरकवतात. तिची जाडी बहुधा 32 ते 40 फ्रेंच असते. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे 36 फ्रेंचची नळी 12 मिलिमीटर व्यासाची. पायलोरसपासून 2 ते 6 सेंटिमीटर अंतरावर सुरुवात करून या नळीच्या कडेने स्टेपलर लावत लावत सर्जन अन्ननलिकेजवळच्या कोपऱ्यापर्यंत जातात. स्टेपलर दर वेळी जठराची पुढची आणि मागची अशा दोन्ही भिंती एकत्र चिमटीत धरतो, दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या पिनांच्या बहुधा तीन-तीन रांगा बसवतो आणि मधून पाते फिरवून कापतो. प्रत्येक पीन बसल्यावर इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखी वळलेली असली पाहिजे. गंमत म्हणजे हे यंत्र जन्मले तेच जठरासाठी. 1908 मध्ये बुडापेस्टचे सर्जन ह्युमेर ह्युल्ट्ल यांनी ते पहिल्यांदा वापरले, तेव्हा ते साडेतीन किलोच्या आसपास वजनाचे होते आणि जुळवायलाच दोन तास लागत. पीन मिटल्यावर ‘बी’चा आकार यावा, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

पिनांच्या कार्ट्रिजना रंग दिलेले असतात आणि रंगावरून मिटलेल्या पिनेची उंची कळते. एका प्रचलित मालिकेत पांढरी 1 मिलिमीटर, निळी 1.5, सोनेरी 1.8, हिरवी 2 आणि काळी 2.3 मिलिमीटर अशी ही उंची आहे. दुसऱ्या उत्पादकाचे रंग वेगळे असतात, म्हणून रंगापेक्षा उंची पाहावी. जाड अँट्रमवर कमी उंचीची पीन मारली तर ती पुरती वळत नाही किंवा ऊती चिरडून तिथला रक्तपुरवठा तोडते, आणि पातळ फंडसवर जास्त उंचीची मारली तर पकड सैल राहून कडेतून रक्तस्राव होतो. अनुभवी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने बारा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या अनुभवावर 2012 मध्ये जी एकमताची सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत अँट्रम कापताना मिटल्यावर 2 मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची, म्हणजे हिरव्यापेक्षा लहान पीन वापरू नये आणि स्लीव्हमध्ये कुठेही 1.5 मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असे म्हटले आहे. आधी वजन उतरवण्यासाठी जठराभोवती बँड बसवलेला असेल किंवा ही दुसऱ्यांदा होणारी शस्त्रक्रिया असेल, तर व्रणाच्या ऊतींमुळे भिंत आणखी जाड असते आणि पिनाही उंच लागतात. पिनांच्या रेषेवर मजबुतीसाठी पट्टी लावणार असतील तर तिची जाडीही हिशेबात धरावी लागते.

म्हणजे जाड भिंतीसाठी उंच पिना असतात, आणि त्या वापरल्या की उत्तम धरतात. सर्जन आदल्या दिवशी सोनोग्राफीचा आकडा पाहून कार्ट्रिज ठरवत नाहीत. स्टेपलरची चिमटी मिटताना किती जोर लागतो, मिटल्यावर ऊतीचा रंग कसा दिसतो, हे पाहून ते निवड करतात, आणि पिना सोडण्यापूर्वी पंधरा-वीस सेकंद थांबून ऊतीतला द्रव निघून जाऊ देतात. चिमटी सहज मिटत नसेल तर ती उघडून पुढच्या उंचीचे कार्ट्रिज मागवणे हा नेहमीचा भाग आहे.

लीकबद्दल जाऊबाईंना एक गोष्ट सांगा. स्लीव्हमधली बहुतांश गळती जाड अँट्रममध्ये होत नाही, ती वर, अन्ननलिका आणि जठर मिळतात त्या कोपऱ्यापाशी होते. तिथली भिंत पातळ असते, रक्तपुरवठा तुलनेने नाजूक असतो, आणि जठराच्या अरुंद केलेल्या नळीतला दाब वरच्या टोकावर येतो. खाली जठराच्या वळणावर नळी जास्त आवळली गेली असेल तर हा दाब आणखी वाढतो. त्यामुळे ज्या भागाची तुम्हाला धास्ती आहे तो त्या मानाने सुरक्षित आहे. अनुभवी हातांत गळतीचे प्रमाण साधारण शंभरात एक-दोन असते. तंबाखू, मिसरी, धूम्रपान आणि आवाक्याबाहेरची साखर या गोष्टी जखम भरण्यात अडथळा आणतात, आणि तुमच्या हातात असलेला भाग तो आहे. घरी गेल्यावर नाडी मिनिटाला 120 च्या वर राहिली, ताप आला, धाप लागली किंवा डाव्या खांद्यात दुखू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता शस्त्रक्रिया झाली त्याच रुग्णालयात जायचे. पोट फार दुखत नाही म्हणून थांबू नये. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे जो कमी उष्मांकांचा आहार देतात, त्याने यकृत लहान होते आणि सर्जनना जागा मिळते. भिंत त्याने पातळ होत नाही, पण तो आहार टाळू नका.

राहिला बायपासचा प्रश्न. तुमचा बॉडी मास इंडेक्स 42.7 भरतो. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार 35 च्या वर इतर आजार असोत वा नसोत शस्त्रक्रिया सुचवली जाते, आणि आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली आहे, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न तुमच्या बाबतीत उद्भवत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात आणि अँट्रम कापलेच जात नाही. म्हणून ‘जाड भिंत टाळायला बायपास’ हा विचार वरवर पटतो, पण मला तो पटत नाही. एकतर जाड अँट्रम ही सर्जनच्या दृष्टीने टाळण्यासारखी अडचण नाही. दुसरे म्हणजे बायपासनंतर अँट्रम शरीरातच राहते आणि नेहमीच्या एन्डोस्कोपीने तिथे पोचता येत नाही, म्हणजे ज्या भागाबद्दल शंका आहे तोच पुढे नजरेआड जातो. घरात कोणाला पोटाचा कर्करोग झालेला असेल किंवा तुकड्याच्या तपासणीत अस्तरात काळजी करण्यासारखा बदल निघाला, तर हा मुद्दा स्लीव्हच्या बाजूने चांगलाच वजनदार होतो. शिवाय गुडघ्यांसाठी तुम्ही दुखण्याच्या गोळ्या घेता, आणि बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचे ते एक मोठे कारण असते. उलट एन्डोस्कोपीत अन्ननलिकेला जळजळीमुळे इजा झालेली दिसली, मोठा हायाटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) निघाला किंवा बॅरेट बदल (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा बदल) आढळला, तर पारडे बायपासकडे झुकते, कारण स्लीव्हनंतर आम्ल वर येण्याचा त्रास वाढू शकतो. तुम्ही रोज गोळी घेता ती जळजळीसाठी की केवळ सवयीने, हे त्यासाठी सर्जनना नेमके सांगा. निवड याच गोष्टींवर होईल.

तेव्हा आता एन्डोस्कोपीची वेळ घ्या, गोळ्या केव्हा थांबवायच्या ते आधी विचारा, तुकडे अँट्रम आणि जठराचा मधला भाग या दोन्ही ठिकाणचे घेणार आहेत ना, याची खात्री करा, आणि बलूनची फाइल सोबत न्या. वजन कमी करण्याचे आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने जठर सावकाश रिकामे होते आणि आत अन्न राहिलेले असू शकते. आणि स्लीव्ह झालीच, तर काढलेला जठराचा भाग पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवायला सांगा. बिलातली ती ओळ वाचवू नका. त्याचा रिपोर्ट आठवडाभरात येतो आणि तोवर तुम्ही घरी गेलेल्या असता, त्यामुळे पहिल्या फेरतपासणीला तो हातात मागून घ्या आणि बलूनच्या कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा.